धडधडेराव मागे वळून बघतात

बालमित्रांनो,

आजच्या तासाची सुरुवात कोड्याने करू या. ओळखा पाहू, हे कोण?

एक : डोळ्यांवर आलेली केसांची बट, हातात रंगाचा डबा आणि ब्रश, चेहरा एकदम खट्याळ.

दोन : अंगात गार्डसाहेबांचा गणवेश, हातात हिरवा कंदील आणि पुढे ही लांबलचक सोंड!

पहिला तुम्ही कदाचित पाहिला नसेल. आई-बाबांना विचारा, ते लगेच सांगतील. तो गट्टू! व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रंगाच्या एका कंपनीसाठी तो काढला. दुसरा भोलू हत्ती. रेल्वेच्या दीडशे वर्षांच्या निमित्ताने २००२ साली तो आला. अशा चित्रांना मॅस्कॉट किंवा शुभंकर म्हणतात. शुभंकर एक शब्दही बोलत नाही, पण सगळं सांगतो. भोलूचा कंदीलच बघा ना. तो म्हणतो, 'रस्ता मोकळा आहे, चला!'

तर झालं असं, की यंदा मी आमच्या चौथीच्या वर्गाला अवयवदानाचा शुभंकर काढायला सांगितला. ३ ऑगस्ट जवळ आला होता. २०२३ पासून आपल्या देशात हा दिवस अवयवदान दिवस म्हणून पाळतात. का बरं हाच दिवस? कारण १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्स रुग्णालयात डॉ. पी. वेणुगोपाल यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. भारतातली ती पहिली यशस्वी हृदयरोपण शस्त्रक्रिया. अवयवदानाचा कायदाही त्याच वर्षी झाला.

"मस्त हसरी चित्रं काढा हं," मी बजावलं. हे माझं वाक्य लक्षात ठेवा.

मग काय विचारता! अर्ध्या तासात फळ्याखाली चित्रांची रांग लागली. हृदयाचे झाले 'धडधडेराव'. रक्त गाळणाऱ्या दोन मूत्रपिंडांचे झाले 'गाळणकर बंधू', दिसायला अगदी राजम्याच्या दाण्यासारखे. यकृताचं नाव 'काळीजकाकू'. आता गंमत बघा. आपण म्हणतो, 'काळीज धडधडतंय', पण मटणाच्या दुकानात मिळते ती कलेजी म्हणजे यकृत! या काकू मोठ्या दिलदार. जिवंत माणूसही आपल्या यकृताचा एक भाग देऊ शकतो, आणि उरलेलं यकृत काही महिन्यांत पुन्हा जवळजवळ पूर्वीएवढं वाढतं. 'काळजाचा तुकडा' म्हणतात तो असा! गाळणकर बंधूंपैकीही एक जण दुसऱ्याच्या घरी जाऊ शकतो, कारण निरोगी माणसाचं एका मूत्रपिंडावर भागतं.

एका मुलीने गाळणकर बंधूंना एस.टी.च्या खिडकीत बसवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'काका, आम्ही येतोय.' तिचे काका आठवड्यातून तीनदा तालुक्याला डायलिसिसला जातात. दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि थकून घरी यायचं. ते मूत्रपिंडाची वाट बघत आहेत.

आणि धडधडेराव? ते उड्या मारत, टाळ्या पिटत, खदाखदा हसत दवाखान्याच्या दारातून बाहेर पडत होते. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. "बाई, हे हसतायत का?"

"का रे?"

"माझे आजोबा गेले ना, तेव्हा नेत्रपेढीची माणसं घरी आली होती, डोळे न्यायला. तेव्हा कुणी हसत नव्हतं. धडधडेराव ज्यांच्यातून निघाले, त्यांच्या घरीपण रडत असतील ना?"

वर्ग एकदम गप्प. माझ्या हातात डस्टर तसाच राहिला. खरं सांगते मुलांनो, माझं चुकलं होतं. 'हसरी चित्रं काढा' म्हणताना मी फक्त घेणाऱ्यांचं घर बघितलं होतं. देणाऱ्यांचं घर मी विसरलेच.

हृदय जिवंत माणसाकडून घेता येत नाही. कधी अपघाताने, कधी मेंदूत रक्तस्राव होऊन एखाद्याच्या मेंदूचं काम कायमचं थांबतं. यंत्रामुळे श्वास चालू दिसतो, हृदय काही काळ धडधडतं, पण तो माणूस परत येणार नसतो. याला मेंदूमृत्यू म्हणतात. कोमा वेगळा बरं का, कोमात मेंदू जिवंत असतो. चार डॉक्टरांचं मंडळ मेंदूमृत्यूची खात्री करतं, सहा तासांनी पुन्हा सगळ्या तपासण्या होतात. मग घरच्यांना विचारतात. त्या रडणाऱ्या घराने 'हो' म्हटलं, तर एका माणसाच्या अवयवांनी आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात.

मग आमची चर्चा रंगली. एक जण म्हणाला, "धडधडेराव रडवू या." दुसरी म्हणाली, "नको, मग सगळे घाबरतील." शेवटी चित्र काढणाऱ्यानेच रबर घेतलं. आता धडधडेरावांचे पाय पुढे धावतात, पण मान मागे वळलेली आहे. एक हात छातीवर ठेवून ते आपल्या जुन्या घराला नमस्कार करतात. दुसऱ्या हातात भोलूचा हिरवा कंदील! कारण हृदय काढल्यावर साधारण चार ते सहा तासांत ते बसवावं लागतं. म्हणून पोलीस रस्ता मोकळा करून देतात. त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात.

तो मागच्या बाकावरचा मुलगा? त्याने 'टकमक आणि लुकलुक' काढले, आजोबांचे दोन डोळे. त्यांची वाट दोन दिशांना जाते, कारण बुबुळावरचा पारदर्शक पडदा दोन वेगळ्या माणसांना बसवता येतो. दोघांनाही त्याने आजोबांचा चष्मा घातला होता. बरोबरच आहे, चष्मा असला तरी नेत्रदान करता येतं. फक्त मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात.

आता तुमची पाळी. वही काढा!

१. आकार सोपा ठेवा, लहान भावंडालाही काढता आला पाहिजे.

२. हातात अशी वस्तू द्या, की तिच्यावरून काम कळेल.

३. एकच गोष्ट सांगा, पण ती खरी असू दे.

४. घाबरवू नका. आणि देणाऱ्याचं घर विसरू नका.

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. अवयवदानाच्या संकल्पाचा अर्ज अठरा वर्षांनंतरच भरता येतो, मुलांना तो भरता येणार नाही. पण तुम्ही अर्ज भरला असला, तरी वेळ येते तेव्हा विचारतात घरच्यांनाच. तुमची इच्छा घरात कुणाला ठाऊकच नसेल, तर त्या कठीण घडीला घरच्यांनी उत्तर काय द्यायचं? म्हणून मुलाने चित्र दाखवलं, तर 'जेवताना असले विषय नकोत' म्हणून गप्प करू नका. पाच मिनिटं बोला. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. उत्तर 'अजून ठरलं नाही' असलं, तरी चालेल.

आमचे धडधडेराव सध्या शाळेच्या व्हरांड्यात लावले आहेत. परवा त्या मुलीचे काका तिला न्यायला आले होते. ते चित्रासमोर बराच वेळ उभे होते. मग त्यांनीही छातीवर हात ठेवला.

चला, घंटा झाली. पुढच्या आठवड्यात भेटू!

तुमच्या बाई