वॉर्डातली रांगोळी

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. मलकापूरहून आम्ही बाहेरगावच्या एका दवाखान्यात गेलो होतो. आदल्या रात्री त्यांना झोप नाही, हातपाय गार पडलेले. नर्सला सांगितलं तर म्हणाली, “मुलं झाली ना? मग कशाची भीती?” बाईच्या भीतीला हेच उत्तर ठरलेलं.

पिशवीत हिशेबाची वही होती. तिच्यात मी ११ ते ६ ठिपके मांडले आणि पेन त्यांच्या हातात दिला. “मले कुठं येते चित्र!” म्हणाल्या, पण ठिपके पाहून बोटं आपोआप चालली. शेजारच्या खाटेवरून आजी ओरडल्या, “थे रेघ चुकली वं माय!” तासाभरात वही तीन खाटांवर फिरली. (पुरुषांच्या वॉर्डात पत्त्यांचा डाव चालतो, त्याला कोणी पसारा म्हणत नाही. आमच्या वहीला म्हटलं.)

ऑपरेशननंतर टाके ओढू लागले की जाऊबाई वही मागत. “दुखते, पण ध्यान तिकडंच राहत नाही,” म्हणत.

हे जुनंच आहे. १९३८ साली एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने आरोग्यधामात पडून होता. उशाजवळच्या वस्तू रेखाटताना त्याला आराम वाटला, मग तो इतर रुग्णांना शिकवू लागला. १९४२ मध्ये त्यानेच ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिलं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन आरोग्यासाठी कलेचा उपयोग मान्य केला. गोधडी शिवत, भुलाबाईची गाणी म्हणत आपल्या आज्यांनी मन कसं हलकं केलं, याची मात्र कुठे नोंद नाही.

पण एक भीती वाटते. बाईचं दुखणं आधीच कोणी मनावर घेत नाही. उद्या गोळीऐवजी रंगपेटी हातात देऊन तिला गप्प बसवलं, तर माझा त्याला विरोधच राहील. गोळी हवीच, आणि काय करणार आहेत हे तिला समजेल असं सांगणंही हवं. त्या रात्री रेघा जोडता जोडता जाऊबाईंनी मला हळूच विचारलं, “पिशवी काढाच लागते काय वं?” सहीसाठी कागद भरला होता, पण हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. सकाळी आम्ही दोघींनी डॉक्टरांना विचारलं. गाठ मोठी होती, रक्तस्राव औषधाने थांबत नव्हता. सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली.

बायकांच्या प्रत्येक वॉर्डात चार वह्या आणि पेन ठेवायला कितीसा खर्च येणार? आपल्या गटाने निदान मलकापुरात तरी ही मागणी करावी. आणि वही देणारीने थोडा वेळ खाटेशी बसावं.