कृपादानांची कसोटी

ईस्टरपासून मोजू लागले असता पन्नासाव्या दिवशी येणारा रविवार ख्रिस्ती समाज पेंटेकॉस्टचा सण म्हणून पाळतो. नाताळ आणि ईस्टर हे सण आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. परंतु या तिसऱ्या महासणाची वार्ता चर्चच्या भिंतीबाहेर क्वचितच येते. त्याला कारणही आहे. या सणाचा विषय डोळ्यांना दिसणारा नाही. परमेश्वराचा आत्मा माणसाला कोणते दान देतो, आणि ते मिळालेल्या माणसाने त्याचे काय करावे, असा तो विषय आहे. देवळाच्या दारी हरिकथा सांगण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी या विषयात का शिरावे, असे एखादा वाचक विचारील. आमचे उत्तर असे की, ज्यांना वाणी लाभली, विद्या लाभली, लोकांस डोलविण्याची हातोटी लाभली, त्या प्रत्येकाला हा सण एक अडचणीचा प्रश्न विचारतो. त्या प्रश्नापुरते आम्हीही या सणाचे श्रोते आहोत.

मुळात हा यहुदी लोकांचा सुगीचा सण. वल्हांडणानंतर सात आठवड्यांनी गव्हाचे पहिले पीक देवाला अर्पण करण्यासाठी देशोदेशीचे यात्रेकरू यरुशलेमेस जमत. येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मृत्यूनंतरच्या अशा पहिल्या सणास त्याचे शिष्य एकत्र बसले असता सोसाट्याच्या वाऱ्यासारखा घोष झाला, ज्वालांच्या जिव्हा प्रत्येकावर उतरल्याचे दिसले आणि ते नाना भाषांत बोलू लागले, असे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात सांगितले आहे. वाचणाऱ्याचे लक्ष वाऱ्याकडे आणि ज्वालांकडे जाते. ग्रंथकाराचे लक्ष मात्र श्रोत्यांकडे आहे. पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, रोमी, क्रेती, अरब अशी त्याने यात्रेकरूंची यादीच दिली आहे. गालीलच्या साध्या माणसांचे बोलणे त्यांतील प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत कळले, याचे त्याला नवल वाटते. अध्यायाचा शेवट तर याहून बोलका आहे. ज्यांनी विश्वास धरला त्यांनी आपली मालमत्ता विकून गरजवंतांत वाटली. दान वरून आले, आणि लगोलग खाली वाहू लागले.

या घटनेस वीस-पंचवीस वर्षे लोटल्यावर ग्रीस देशातील करिंथ नगरात याच दानाचे निराळे रूप दिसू लागले. करिंथ म्हणजे दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीवरचे व्यापारी शहर. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमी सैन्याने ते धुळीस मिळविले, आणि इसवी सनापूर्वी ४४ मध्ये जूलियस सीझरने तेथे पुन्हा वसाहत केली. अशा नव्या शहरात पैसा, वक्तृत्व आणि मोठ्यांचा आश्रय यांना मोल फार. संत पौल येथे दीड वर्ष राहिले. तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत त्यांनी ख्रिस्ती मंडळी उभी केली आणि ते पुढे गेले. इफिस नगरी असताना तिच्याविषयी जे कानी आले त्यावरून इसवी सन ५५ च्या सुमारास त्यांनी करिंथकरांस एक दीर्घ पत्र लिहिले. त्या पत्राचे बारा ते चौदा हे तीन अध्याय म्हणजे कृपादानांविषयीचे ख्रिस्ती धर्माचे मूलशास्त्रच होय.

पौलांच्या कानी आले ते असे. मंडळीत तट पडले होते. उपासनेच्या वेळी अनेकजण भावावेशात उठून कोणालाही न कळणाऱ्या भाषेत बोलत, आणि ज्याला ती भाषा येत नाही तो उणा, असा समज रूढ होऊ पाहत होता. त्याच मंडळीत प्रभुभोजनाच्या पंगतीस बसताना ज्यांच्यापाशी होते ते आपापले आधी संपवीत, कोणी मद्याने झिंगे, आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहत. पत्राच्या अकराव्या अध्यायात ही पंगत येते आणि बाराव्यात कृपादानांचा विषय निघतो. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. मुखात देवदूतांची भाषा, आणि शेजारचे पान रिकामे, ही करिंथची खरी व्याधी होती.

पौलांची चिकित्सा शब्दापासूनच सुरू होते. करिंथकर ज्या शक्तींचा अभिमान वाहत होते त्यांना ते 'खारिस्माता' म्हणतात. 'खारिस' म्हणजे कृपा, त्यापासून झालेला हा शब्द. मराठी बायबलात त्याला 'कृपादान' हा नेमका प्रतिशब्द योजला आहे. जे कृपेने मिळाले ते कमाईचे नव्हे, आणि जे कमावले नाही त्याचा तोरा मिरविता येत नाही. अर्धा उपदेश या एका शब्दात झाला. ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, रोगनिवारण, अद्भुत कृत्ये, ईश्वरी संदेश देणे, आत्म्यांची पारख, नाना भाषा आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे अशी नऊ दाने ते गणतात. त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी दोन नावे येतात: साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे. म्हणजे मंडळीचा कारभार चोख ठेवणारा आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारा यांचे दानही चमत्कार करणाऱ्याच्या पंक्तीस बसते. मंडळी हे एक शरीर आहे. डोळ्याने हाताला नको म्हणता येत नाही, आणि जे अवयव दुबळे दिसतात त्यांच्यावाचून तर मुळीच चालत नाही, असा दृष्टांत त्यांनी दिला आहे.

पुढे प्रीतीचा अध्याय येतो. प्रीतीवाचून बोलणारा, मग तो माणसांच्या भाषेत बोलो की देवदूतांच्या, पौलांच्या मते नुसत्या झणझणणाऱ्या झांजेसारखा आहे. आमचे आयुष्य झांजांच्या संगतीत गेले आहे. अभंगाचे बोट धरून ती चालते तोवर तिच्यासारखी गोड साथ नाही. शब्द थांबल्यावरही ती वाजत राहिली तर कान किटतात. कीर्तनकाराला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

चौदाव्या अध्यायात कसोटीचा शब्द येतो: 'ओइकोदोमे', म्हणजे घर बांधणे. 'ओइकोस' हे आपल्या 'वेश्मन्'चे भावंड, आणि उत्तरार्ध वेदातील 'दम' या शब्दाच्या कुळातला. 'दंपती' या शब्दात तो आजही नांदतो आहे. ज्या बोलण्याने ऐकणाऱ्याचे घर बांधले जाते ते बोलणे खरे. न कळणाऱ्या भाषेतील दहा हजार शब्दांपेक्षा दुसऱ्यास बोध होईल असे पाच शब्द आपण पत्करू, असे पौल सांगतात. आणि ती भाषा आपल्याला इतरांहून अधिक येते हेही त्याच ठिकाणी सांगतात. नियमही ते घालून देतात. सभेत अशा भाषेत फार तर दोघातिघांनी, तेही एकामागून एक बोलावे. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे. संदेश देणाऱ्याचे म्हणणे इतरांनी पारखून घ्यावे. आवेश आवरत नाही, ही सबब ते मान्य करीत नाहीत.

मग खऱ्या विश्वासाची खूण कोणती? या बाबतीत ख्रिस्ताचे स्वतःचे वचन फार कठोर आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की, अखेरच्या दिवशी कित्येकजण त्याच्या नावाने संदेश दिल्याचा, भुते काढल्याचा, अद्भुते केल्याचा दाखला घेऊन येतील, आणि त्यांना ओळख नाकारली जाईल. चमत्कार झालाच नव्हता असे तो म्हणत नाही; चमत्कार हा ओळखीचा पुरावा ठरत नाही, एवढेच सांगतो. झाड ओळखावे ते फळांवरून. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलांनी आत्म्याचे फळ वर्णिले आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. दान एका क्षणात पदरी पडते. फळ पिकण्यास ऋतू जावे लागतात, आणि ते पिकले की नाही हे घरच्या माणसांस आधी कळते.

पहिल्या पिढ्यांतील ख्रिस्ती लोकांनी ही कसोटी व्यवहारात कशी लावली, याचा एक मनोरंजक पुरावा उपलब्ध आहे. 'डिडाखे', म्हणजे शिकवण, या नावाची एक प्राचीन पुस्तिका १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे हस्तलिखितात सापडली आणि १८८३ साली प्रसिद्ध झाली. दारी आलेला प्रेषित एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील; तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. आत्म्याच्या आवेशात जेवणाचा हुकूम सोडून स्वतःच पानावर बसला तर तो खोटा. पैसे मागितले तर त्याचे ऐकू नये. दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले तर मात्र त्यास दोष देऊ नये. कोणत्याही तीर्थक्षेत्री दाराला अडकवून ठेवावी अशी ही नियमावली आहे.

या कसोटीचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही घडले आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये १९०५ च्या जूनअखेर प्रार्थनेत बसलेल्या मुलींमध्ये विलक्षण जागृती झाली. रडणे, पापांची कबुली, तासन् तास चाललेल्या प्रार्थना यांनी ती वास्तू भरून गेली, आणि पुढे न शिकलेल्या भाषांत बोलण्याचे प्रकारही तेथे घडले. त्यावर टीका झाली, तशी स्तुतीही झाली. रमाबाईंनी १९०७ साली आपल्या 'मुक्ति प्रेअर बेल' या पत्रिकेत जी भूमिका घेतली ती अशी की, ही दाने झिडकारू नयेत. परंतु पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची आवश्यक खूण एकच, ती म्हणजे दैवी प्रीती. करिंथच्या पत्राचा इतका समतोल अर्थ लावणारे त्या काळी थोडे असतील.

आणि त्या प्रीतीला केडगावी पत्ता होता. दुष्काळातून आणलेल्या शेकडो निराधार मुली तेथे जेवत, शिकत, विणीत, शेती करीत होत्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' होते, वृद्ध व पंगू स्त्रियांसाठी 'प्रीती सदन', आंधळ्यांसाठी 'बार्तिमी सदन'. 'खारिस' आणि 'अगापे' हे दोन ग्रीक शब्द अशा रीतीने घरांच्या पाट्यांवर चढले. रमाबाईंच्या धर्मांतराचा वाद उकरण्याचे आज प्रयोजन नाही. त्या पुराणिक अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच सरस्वतीने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे भाषांतर केले, ते खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे अशा सोप्या मराठीत. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या, आणि समग्र बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. संस्कृताचे भांडार ज्यांच्यापाशी आहे त्यांना ते बाजूस ठेवून साधे बोलणे किती जड जाते, हे आम्ही जाणतो. दहा हजार शब्द सोडून पाच शब्द पत्करणे म्हणजे काय, ते या भाषांतरात पाहावे.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा तातडीचा झाला आहे. दूरचित्रवाणीच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर भविष्य सांगणारे, हात ठेवून रोग घालविणारे सर्वच धर्मांत उदंड झाले आहेत. कोणा आईने मुलाचे औषध बंद करून त्याला सभेला आणावे, आणि गुण आला नाही तर तुझाच विश्वास कमी पडला असे तिला ऐकविले जावे, याइतके निर्दय दुसरे काही नाही. ख्रिस्ती शास्त्राचा तरी याला आधार नाही. पौलांनी आपल्या देहातील शूळ दूर व्हावा म्हणून तीनदा विनविले, आणि तो दूर झाला नाही. त्रफिम नावाच्या सोबत्याला त्यांनी मिलेत नगरी आजारीच मागे ठेवले. त्यांचा प्रिय सहकारी लूक हा वैद्य होता. यांपैकी कोणाचा विश्वास कमी पडला असे म्हणावयाचे? रोगनिवारण हे दान असेल तर ते देणाऱ्याच्या स्वाधीन आहे. व्यासपीठावरच्या माणसाने त्याची हमी देऊ नये, आणि रोग्याच्या माथी दोष मारू नये.

कृपादाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली, की आजही चालू आहेत, याविषयी ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. तो निर्णय त्यांनी करावा. मात्र पौलांनी दिलेली कसोटी दोन्ही पक्षांस सारखीच लागू पडते, आणि ती पाहण्यास ग्रीक यावी लागत नाही. सभा संपली, दिवे मालवले, वक्ता आपल्या मुक्कामी गेला. त्यानंतर ऐकणाऱ्याचे घर थोडे उभे राहिले की थोडे खचले, एवढेच पाहावे. तीच विचारणा प्रवचनकाराने, पंडिताने आणि आम्हां कीर्तनकारांनीही आपापल्या उंबरठ्यावर करावी. पेंटेकॉस्टच्या सणानिमित्त आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींस शुभेच्छा देताना आम्ही इतकेच इच्छितो की, त्यांच्या पंगतीत आज कोणाचेही पान रिकामे राहू नये.