ट्रंकेतल्या तबकड्या विकण्यापूर्वी



आपल्या घरातील जुन्या रेकॉर्डला पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. मुंबई-पुण्याचे शौकीन लोक तबकड्या शोधत हिंडतात. त्यांची गरज ओळखून आता भंगारवालाही दारात येऊन विचारतो, "ताई, कुत्र्याच्या चित्राची रेकॉर्ड आहे का?" आमच्या वडूजमध्ये आणि खटाव-माणच्या गावागावांत अशा तबकड्या अजून आहेत. दुष्काळाने ज्यांना मुंबईला नेले, गिरणीत नाहीतर गोदीत कामाला लावले, त्या आपल्या वडीलधाऱ्यांनी पगारातून पैसे बाजूला काढून त्या घेतल्या आणि गावी आणल्या. काही तबकड्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेटीतून आल्या. जयंतीला, लग्नाला त्यांचाच कर्णा वाजत असे. आज फोनो मोडला, सुई मिळेना, म्हणून तबकड्या ट्रंकेत गेल्या आणि ट्रंक माळ्यावर गेली.

त्या विकू नका, असा हुकूम आम्ही सोडत नाही. घरात फीचे पैसे भरायचे असतील तर माणूस भांडीही विकतो. परंतु आपण काय विकत आहोत, हे तरी माहीत असावे, एवढ्याचसाठी हा लेख.

हा शौक केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या जॅझ संगीतात एक प्रवाह आहे, त्याला अध्यात्माचे जॅझ म्हणतात. त्याच्या जुन्या तबकड्या आता नव्याने छापल्या जातात आणि बाहेरून मागवलेली एक तबकडी तीन-चार हजार रुपयांच्या घरात जाते. आपला आणि त्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तर संबंध जुना आहे. आपल्याच खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांच्यातील थोर विद्वान डु बॉईस यांना पत्र लिहिले, आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले ते त्यांच्याचकडून.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बाँब ठेवला आणि चार मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कलावंताने 'अलाबामा' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यात एकही शब्द नाही, पण ऐकणाऱ्याला शोक कळतो. या कोल्ट्रेनचे दोन्ही आजे चर्चमधील उपदेशक होते. ९ डिसेंबर १९६४ रोजी त्याने आपल्या तीन साथीदारांसह 'अ लव्ह सुप्रीम' ध्वनिमुद्रित केले. त्याच्या शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्दाशब्दाने सॅक्सोफोनवर म्हटली आहे. तोंडाने म्हणायची प्रार्थना वाद्याने म्हटली. आपल्या शाहिराचे टाळ्या, कोरस आणि ढोलकी यांवर चालते, त्यांचे सॅक्सोफोनवर. धर्म वेगळा, वाद्य वेगळे, पण अपमान सोसलेल्या माणसाने गाण्याने ताठ उभे राहणे हे दोहींकडे एकच आहे.

आता त्या शौकिनांकडून घेण्यासारखी गोष्ट. नवी छापलेली तबकडी हातात आली की ते पहिला प्रश्न विचारतात, ही कशावरून केली? स्टुडिओतल्या मूळ टेपवरून, टेपच्या नकलेवरून, की नकलेच्या नकलेवरून? कारण दर नकलेला आवाजातले काहीतरी गळते. १ जून २००८ रोजी लॉस एंजेलिसजवळ युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली आणि त्या कंपनीच्या संगीताच्या मूळ टेपा जळाल्या. तो प्रकार किती मोठा होता हे लोकांना २०१९ साली वर्तमानपत्रातून कळले. एवढ्या धनाढ्य कंपनीची ही गत, तर आपल्या गाण्यांचे काय?

१९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. भीमराव कर्डकांसारख्यांनी रात्र रात्र लोकांना जागे ठेवले. त्या जलशांपुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन कोण बसणार होते? तो आवाज हवेत गेला. पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे बुलंद गळे तबकडीवर आले. १९८० नंतर कॅसेट आली, आणि लहान लहान कंपन्यांनी भीमगीतांच्या कॅसेटी काढल्या. त्यांतल्या कित्येक कंपन्या बंद पडल्या. मूळ टेप कोठे गेली, हे विचारायलाही आता दार उरले नाही. अशा गाण्याची तुमच्या ट्रंकेतील तबकडी किंवा कॅसेट हीच मूळ टेपच्या सर्वांत जवळची वस्तू असू शकते.

"मोबाईलवर सगळे मिळते की," असे आमची मुले म्हणतात. पुष्कळ मिळते, हे खरे. पण तेथे बहुधा गायकाचे नाव असते आणि कवीचे नसते. वामनदादा कर्डकांची गीते आज हजारो तोंडांत आहेत, परंतु ती कोणाची, हे गाणाऱ्यालाही ठाऊक नसते. तबकडीच्या मधल्या कागदावर मात्र गीतकार, संगीतकार, गायक अशी नावे छापलेली असतात. कागदाच्या कडेला, रेघा संपतात तेथे, बारीक अक्षरांत एक क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून ती छपाई कोणती, हे जाणकाराला ओळखता येते. ज्यांची नावे सातबाऱ्यावर क्वचितच लागली, त्यांची नावे निदान या कागदावर लागली आहेत. तो कागद फाडू नका, भिजवू नका.

आता आवाज पारखायचा कसा? त्याला श्रीमंत यंत्र लागत नाही, कान लागतो, आणि आपले कान वाद्यांत वाढलेले आहेत.

पहिली परीक्षा पेटीच्या सुराची. पेटीचा लांबलेला सूर स्थिर राहिला पाहिजे. तो पाळण्यासारखा वरखाली हलत असेल तर तबकडीचे भोक मधोमध पडलेले नाही, तबकडी उन्हाने वाकलेली आहे, नाहीतर यंत्राची गती सारखी नाही. गती तपासणे सोपे आहे. तबकडीवर कागदाची चिठ्ठी ठेवा आणि फेरे मोजा. मोठी तबकडी तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे घेते, लहान ४५ ची एका मिनिटात ४५. फेरे कमी भरले तर प्रल्हाददादांचा आवाज जड आणि पडेल लागेल, तो दोष त्यांच्या गळ्याचा नव्हे.

दुसरी परीक्षा ढोलकीची. तिची एक बाजू घुमते, एक टणकारते. दोन्ही वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. तिसरी परीक्षा कोरसची. कोरसमध्ये चार माणसे असतील तर चार गळे जाणवले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला असेल तर ती नकलेची नक्कल समजावी. चौथी परीक्षा शेवटच्या गाण्याची. तबकडी मध्याकडे येते तसा सुईखालून जाणारा मार्ग आखूड होतो आणि आवाज थोडा फाटतो. हा सर्वच तबकड्यांचा स्वभाव आहे. पण पहिले गाणेही तसेच फाटत असेल तर झिजलेल्या सुईने ती रेघ खाल्लेली आहे.

नव्याने "साफ" केलेल्या आवाजाबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. खरखर गेली म्हणून आवाज सुधारला असे नव्हे. खरखर काढताना बारीक आवाजही निघून जातो. टाळांची किणकिण मरते, तुणतुण्याची तार बोथट होते, "स" आणि "श" सारखेच ऐकू येतात, आणि गायकाने कडव्यापूर्वी घेतलेला श्वास नाहीसा होतो. जुन्या एकेरी ध्वनिमुद्रणाला ओढून-ताणून दुहेरी केलेलेही आम्ही ऐकले आहे, त्यात गायक दूर कोठेतरी विहिरीत उभा आहे असे वाटते. १९९० च्या सुमारास जुन्या गाण्यांवर झंकार बीट्स नावाचा जादा ठोका चढवण्याची टूम निघाली होती. त्या ठोक्याखाली मूळ ढोलकीवाला गाडला गेला. तोही कोणाचा तरी बाप होता, त्याचीही मेहनत ऐकू आली पाहिजे. म्हणून साफ केलेले जरूर ऐका, पण मूळ ठेवा. साफ केलेले ऐकायला सोपे असते, पण त्या दिवशी काय वाजले याची साक्ष मूळच देते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जुनी ७८ ची तबकडी लाखेची असते, ती पडली की फुटते. तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. नंतरची ३३ आणि ४५ ची विनाइलची असते, ती फुटत नाही पण वाकते. आपल्या घरांवर पत्रा असतो आणि एप्रिल-मेमध्ये माळा तापतो. म्हणून तबकड्या माळ्यावरून खाली आणा, एकीवर एक न रचता पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. चावीच्या भोंग्यावर विनाइल कधीही वाजवू नका, त्याचा जड हात आणि लोखंडी सुई ती एका वाजवण्यात खराब करील. ७८ ची रेघ सुमारे तिप्पट रुंद असते, तिला तिची वेगळी सुई लागते. लहान सुई तिच्यात तळाशी घासते आणि नुसती खरखर देते. यंत्र अॅम्प्लिफायरला जोडताना वायर फोनो लिहिलेल्या जागी लावा. तबकडीत खर्ज मुद्दाम कमी कोरलेला असतो आणि फोनोची जोडणी तो भरून काढते. दुसरीकडे लावली तर सगळी मैफल पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखी वाजते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, विकण्यापूर्वी गाणे उतरवून घ्या. १९९० साली मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. तिने यादी करणे, माहिती लिहून ठेवणे, एकत्र बसून ऐकणे अशी वळणे लावली. आपल्यालाही ते जमेल. विहारात पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ ठेवा. ज्याच्याकडे चालू यंत्र आहे त्याने ते आणावे, ज्याच्याकडे तबकडी आहे त्याने तबकडी आणावी. मुलांनी संगणकावर दोन प्रती उतरवाव्यात, एक जशीच्या तशी, एक साफ केलेली. कागदाचा फोटो काढावा. वहीत चार ओळी लिहाव्यात: गाणे कोणाचे, गायले कोणी, तबकडी कोणत्या घरची, आणि ती कोणी, कोणत्या कामाच्या पगारातून घेतली.

शेवटची ओळ आम्ही मुद्दाम घातली. तबकडीची किंमत भंगारवाला सांगेल, शौकीन त्याहून जास्त सांगेल. परंतु गिरणीतल्या माणसाने चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे अंथरुणाला जागा नव्हती, तेथे गाण्याला जागा का केली, हे तुम्हीच सांगू शकता. ज्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक आहे, त्यांना या रविवारी विचारा.