शाळा-कॉलेज : फॉर्मचा मधला भाग



लीव्हिंग सर्टच्या वर्षी घरात पॉइंट्सखेरीज दुसरा विषय नसतो. पण मुलाला डिस्लेक्सिया आहे, मुलीला कमी ऐकू येतं, हे मात्र आपण शाळेतसुद्धा सांगत नाही. ‘उगाच शिक्का नको!’ हे न सांगणं कॉलेजप्रवेशाच्या वेळी फार महाग पडतं.

इथे ‘डेअर’ नावाची योजना आहे. अपंगत्वाचा अभ्यासावर परिणाम झालेल्या मुलांना त्यातून कमी पॉइंट्सवर कॉलेजात जागा मिळू शकते. मिळेलच असं नाही, बरं का! १ जानेवारीला वय २३ च्या आत हवं. सीएओचा अर्ज १ फेब्रुवारीपर्यंत करायचा, त्यात तशी नोंद १ मार्चपर्यंत, बाकीचे कागदही मार्चमध्येच.

फॉर्मचे भाग तीन. पहिला मुलानं भरायचा, तिसरा तज्ज्ञाच्या पुराव्याचा. सगळे धावतात त्या तिसऱ्याच्या मागे. पण अडतं ते मधल्या भागात. तो शाळेनं भरायचा असतो : हजेरी, मार्क, वर्गातल्या अडचणी, दिलेली मदत. जी गोष्ट शाळेला पाच वर्षं कळूच दिली नाही, ती शाळा लिहिणार कशी? तेव्हा निदान फिफ्थ इयरला तरी शाळेशी बोला. सायकॉलॉजिस्टची वेळही चटकन मिळत नाही.

लीव्हिंग सर्टच्या परीक्षेला वेगळी खोली किंवा वाचून दाखवणारा मिळाला, म्हणजे ‘डेअर’ झालं असं नव्हे. ती योजना निराळी, नियम निराळे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन-अक्षमतेच्या मुलांना दहावीला सवलती आहेत. मुंबईला सायन हॉस्पिटलमधून काढलेला तसा दाखला ट्रंकेत पडला असेल तर शाळेला जरूर दाखवा. मात्र इथले निकष वेगळे आहेत, तेवढ्यावर विसंबू नका.

‘डेअर’ नसलं, किंवा पुण्याहून थेट मास्टर्सला आलेलं कुणी असलं, तरी प्रवेशानंतर कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसात कागद दाखवून नाव नोंदवता येतं. परीक्षेला जादा वेळ, नोट्ससाठी मदत तिथून ठरते. २००० च्या ‘इक्वल स्टेटस’ कायद्यानं कॉलेजला वाजवी सोय करावीच लागते. ही मेहेरबानी नव्हे. आणि डिग्रीच्या कागदावर यातलं अक्षरही येत नाही.

फॉर्म अडला तर शाळेच्या गायडन्स कौन्सेलरला गाठा. पुढच्या अंकात सुसी ग्रँट.