कणकुंबीचा आषाढ आणि लोखंडाचा रंग

चोर्ला घाटाने कणकुंबीस गेलेल्यांना ठाऊक आहे की, मलप्रभेच्या या उगमस्थानी पावसाळ्यात सूर्यनारायण क्वचितच दर्शन देतो. तेथे सौरविजेची गोष्ट काढणे हास्यास्पद वाटेल. तरी ती काढलीच पाहिजे. १९९१ साली ग्रेट्झेल व ओरीगन यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरावर रुथेनियमच्या संयुगाचा रंग चढवून प्रकाशाची वीज केली. असा घट मंद, विखुरलेल्या उजेडातही बऱ्यापैकी चालतो. पण रुथेनियम दुर्मिळ आणि महाग. लोह मुबलक, मात्र त्याच्या संयुगाने शोषलेली ऊर्जा सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही लवकर विरून जाई. २०१५ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी असे लोहसंयुग घडविले की, शोषलेल्या प्रकाशकणांपैकी ९२ टक्क्यांमागे इलेक्ट्रॉन थरात उतरले. सबंध घटाची कार्यक्षमता अजून तोकडीच आहे, हेही सांगितले पाहिजे.

गोव्याने बार्जी भरभरून लोहखनिज जपानला धाडले. आपल्या पदरी खड्डे आणि गढूळ ओहोळ आले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत टायटॅनियमचे इल्मेनाइट आहे. खनिज आपले आणि विद्या परक्यांची, ही जुनीच रड! म्हादईच्या पाण्यावरून न्यायासनापुढे झगडणाऱ्या सरकारांनी निदान या संशोधनास एकत्र पैसा द्यावा आणि कणकुंबीच्या आषाढात असा घट किती टिकतो, हे पाहावे.