खेळाचा नकाशा विकतचा नको



आमच्या वर्गात सध्या एक वाद चालू आहे. काहीजण म्हणतात, खेळासाठी छापील नकाशा दुकानातून आणावा, तो सुबक असतो. माझे मत उलट आहे. खेळाचा नकाशा आपला आपणच काढावा आणि आपणच रंगवावा.

आधी खेळ कोणता ते सांगतो, नाहीतर पालकांना वाटेल सापशिडीच. आमच्यात एकजण सूत्रधार होतो. तो नकाशा मधे पसरतो आणि पुढे काय घडले ते सांगतो. बाकीचे आपापले सोंग घेतात, कोणी किल्लेदार, कोणी हेर, कोणी वैद्य. "मी ओढ्याकाठाने दबकत जातो," असे म्हणायचे आणि जमले की नाही ते फासा टाकून ठरवायचे. असा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली छापून विकायला काढला, त्याचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. हे मला आतेभावाने सांगितले. त्यात राक्षस आणि भुयारे असतात. आमच्याकडे राक्षस नाहीत, पण किल्ला आहे. सामान म्हणाल तर चौकटीची वही, लुडोचा फासा आणि चिंचोके. बस्स.

पहिला नकाशा आम्ही चाकणच्या संग्रामदुर्गाचा काढला. १६६० साली शायिस्तेखानाने त्याला वेढा घातला, आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो थोड्या माणसांनिशी सुमारे दोन महिने लढवला, हे सर्वांना ठाऊक आहे. मी तो धडा दोनदा वाचला होता. पण नकाशा काढायला बसलो, डोंगरासाठी तपकिरी पेन्सिल उचलली आणि हात थांबला. रंगवायला डोंगरच नाही! भुईकोट म्हणजे काय, ते मला त्या दिवशी खरे समजले. सिंहगडाला कडा आहे, राजगडाला चढण आहे. चाकणला राखण करायला नुसता तट, बुरूज आणि खंदक. आणि जमीन सपाट, म्हणून तर खानाला खालून भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग लावता आला. बुरूज उडाला तरी मराठे लगेच हटले नाहीत. शेवटी किल्ला गेला. खानाने नोकरी देऊ केली, ती फिरंगोजींनी घेतली नाही.

वेढा जून ते ऑगस्ट होता, म्हणजे ऐन पावसाळा. म्हणून आम्ही नियम केला, फाशावर एक पडला की पाऊस. पाऊस आला की खानाची दारू भिजते आणि त्याची एक खेळी जाते. हा नियम कोणी शिकवला नाही, खंदक निळा रंगवताना सुचला. छापील नकाशात खंदक आधीच निळा असतो, मग सुचणार कसे?

रंगांबद्दल माझे एक म्हणणे आहे. काही मुली नकाशा फार छान रंगवतात, पण शेत एकीकडे हिरवे आणि दुसरीकडे गुलाबी. असे करू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात पाणी निळे, झाडी हिरवी, लागवडीची जमीन पिवळी, वस्ती लाल, आणि उंची दाखवणाऱ्या रेघा तपकिरी असतात. एक रंग, एक अर्थ. रंगपेटी नसली तरी अडत नाही. पिवळ्याला हळद चालते, तांबड्याला गेरू. कागद जुनाट दिसावा म्हणून चहाच्या पाण्याचा बोळा फिरवावा. (घरच्यांना विचारून. मी न विचारता फिरवला, आणि तो आजोबांचा चहा होता.)

आता खरी गोष्ट. दुसरा नकाशा आम्ही आजच्या चाकणचा काढला. खेळ असा, की एक औषधाची पेटी हरवली आहे आणि ती अंधार पडायच्या आत दवाखान्यात पोचवायची. आम्ही चक्रेश्वराचे देऊळ घातले, कांद्याचा बाजार घातला, पुणे-नाशिक रस्ता घातला, आमची घरे घातली. माझ्या बाकावरचा मित्र लातूरकडचा आहे, त्याचे वडील कंपनीत पाळीवर जातात. तो म्हणाला, "आमच्या खोल्या कुठंयत?" मी म्हणालो, "भाड्याच्या खोल्या काय नकाशात घालायच्या? उद्या तुम्ही जाल." सगळे हसले. तो दोन दिवस खेळायला आला नाही.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःचा नकाशा घेऊन आला. पाठकोऱ्या कागदावर काढलेला, रंग फक्त दोन. त्यात खोल्यांची रांग होती, पाण्याचा नळ, खानावळ, कंपनीची बस थांबते ती जागा आणि भिंतीतले भगदाड. तळेगाव चौकात ट्रकांची गर्दी असते, ती चुकवून शाळेला यायची आतली वाट त्याने ठिपक्यांनी दाखवली होती. आम्ही जन्मापासून इथे राहतो, आम्हाला ती वाट माहीत नव्हती. त्या दिवशी पेटी त्याच्याच वाटेने पोचली. मी त्याची माफी मागितली, पण खेळ संपल्यावर. आधी मागायला हवी होती.

छापील नकाशात माझ्या मित्राची खोली कधीच आली नसती, आणि मीही ती वगळलीच होती. म्हणून माझे म्हणणे एवढेच नाही की नकाशा हाताने काढावा. खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पेन्सिल असावी.

एक भांडण मात्र मिटलेले नाही. आजोबांचे शेत होते तिथे आता कारखान्याचे कुंपण आहे. आजोबा म्हणतात, पिवळे रंगव. मित्र म्हणतो, कारखाना दाखव, तिथेच माझे वडील जातात. सध्या मी तेवढी चौकट कोरी ठेवली आहे.

पालकहो, "रिकामटेकडे धंदे" म्हणून आमचे कागद बंबात घालू नका. पाठकोरे कागद असतील तर शाळेत पाठवा. आजच्या चाकणचा मोठा नकाशा या भित्तिपत्रकाच्या शेजारीच लावला आहे. ज्यांची वस्ती किंवा खोली त्यात राहिली असेल, त्यांनी ती दाखवावी. पेन्सिल दोऱ्याला बांधली आहे. कृपया पेनाने काढू नये.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी