दाराबाहेरून दिलेले नाव

आक्रा शहरातील एका बड्या नाइटक्लबात मी एक रात्र काढली हे कळल्यावर आमच्या कॉमनरूममध्ये दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी डोळे विस्फारून विचारले, "तिकडे नाइटक्लब असतात?" जणू घाना नावाच्या देशात झाडांखेरीज काही नसावेच! दुसरा वर्ग अधिक वाचलेला. त्याचे म्हणणे असे की, असतील. पण ती सगळी पाश्चात्यांची नक्कल. आफ्रिकेने आपले ढोल जपावेत, हे विलायती थेर कशाला?

पहिल्या वर्गाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना ग्रंथालयातला नकाशा दाखवावा. दुसऱ्या वर्गाशी मात्र वाद घातलाच पाहिजे, कारण या मताला आपल्या प्राध्यापकवर्गातही पाठीराखे आहेत. (त्यांनी राग मानू नये. अंतर्गत गुण अद्याप लागायचे आहेत!)

घानाच्या ज्या संगीताचा जगभर बोलबाला झाला त्याचे नाव 'हायलाइफ'. नाव इंग्रजी, म्हणून नकलेचा आरोप करणाऱ्यांना ते आयतेच सापडते. पण ते ठेवले कोणी? १९२०च्या सुमाराची गोष्ट. देशाचे नाव तेव्हा गोल्ड कोस्ट. आक्रामध्ये रॉजर क्लबासारख्या ठिकाणी नृत्याचे जलसे होत. आत जाणारी मंडळी आफ्रिकीच. पण शिकलेली, पैसेवाली. प्रवेश सुमारे ७ शिलिंग ६ पेन्स, अंगात पुरा विलायती पोशाख, आणि ऐपत असेल तर डोक्यावर उंच हॅट. वाद्यवृंद वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट वाजवी, आणि मधेच रस्त्यावरच्या, कोळीवाड्यातल्या चालीही त्याच सनई-ट्रंपेटांवर चढवी. ज्यांना आत जाणे परवडत नव्हते ते बाहेर गर्दी करून ऐकत, जोडपी पाहत. आपल्याच चाली आत चाललेल्या ऐकून या बाहेरच्या लोकांनी त्या संगीताला नाव दिले : हाय लाइफ. बड्यांचे जिणे! येबुआ मेन्सा या जुन्या वादकाने संगीताचे इतिहासकार जॉन कॉलिन्स यांना ही हकिगत सांगितली, म्हणून ती टिकली.

म्हणजे पाहा, चाली बाहेरच्यांच्या, नावही बाहेरच्यांनी दिलेले, आणि दार मात्र आतल्यांचे. मला त्या क्लबात खटकली ती नक्कल नव्हे; खटकले ते दार. ते शंभर वर्षांत फारसे हललेले नाही.

येबुआंचे धाकटे बंधू ई. टी. मेन्सा यांनी पुढे 'टेम्पोज' हा वाद्यवृंद नावारूपाला आणला. हा गृहस्थ शिक्षणाने औषधविक्रेता. दिवसा औषधे, रात्री ट्रंपेट. १९५६ साली लुई आर्मस्ट्राँग आक्राला आले तेव्हा मेन्सांबरोबर वाजवून गेले. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्या आनंदाला हायलाइफचीच साथ होती. नक्कल करणाऱ्यांच्या वाट्याला अशी मिरवणूक येत नाही.

त्यानंतरची एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ३१ डिसेंबर १९८१ रोजी तेथे लष्करी उठाव झाला आणि पाठोपाठ रात्रीची संचारबंदी आली. ती दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. संध्याकाळनंतर घराबाहेर पडायचेच नाही म्हटल्यावर क्लब कोठून चालणार? एका शहराची रात्रच काढून घेतली! वादकांच्या पोटावर पाय आला. काही नायजेरियात गेले, काही थेट जर्मनीत. हॅम्बुर्गमधल्या घानावासीयांनी तेथे सिंथेसायझर लावून हायलाइफचा नवाच अवतार घडविला. जे मागे राहिले त्यांतले पुष्कळजण चर्चमध्ये शिरले. गिटार, ड्रम सारे तिकडे गेले, आणि क्लबात वाजणाऱ्या चालींवर देवाची गाणी झाली. रात्र चैनीसाठी असते असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा. रात्र गेली की कित्येकांची रोजीही जाते.

आता त्या रात्रीबद्दल. साल २०२४, महिना डिसेंबर. मामांची नोकरी टेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात. मी सुटीत त्यांच्याकडे गेलो होतो. डिसेंबरात आक्रा फुगते. १६१९ साली पहिले आफ्रिकी गुलाम व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरविले गेले, त्याला चारशे वर्षे झाली म्हणून घाना सरकारने २०१९ हे 'परतीचे वर्ष' म्हणून साजरे केले. तेव्हापासून अमेरिका-लंडनमधली कृष्णवर्णीय मंडळी दर नाताळात लोटतात. दिवसा केप कोस्टच्या किल्ल्यात गुलामांच्या अंधारकोठड्या पाहून डोळे पुसतात आणि रात्री आक्रामध्ये नाचतात. यात कोणाला विसंगती दिसेल. मला दिसली नाही. ज्यांच्या पूर्वजांना त्या कोठडीतून जहाजात कोंबले, त्यांनी त्याच किनाऱ्यावर पहाटेपर्यंत नाचावे, याहून चोख उत्तर मला तरी सुचत नाही.

पण डॉलर-पौंड आले की भावही त्यांच्या तालावर नाचतात. त्या क्लबात टेबल मिळवायचे तर ठरावीक रकमेची दारू घ्यावी लागे. कोणी महागडी बाटली मागवली की फुलबाजा लावून, पाट्या नाचवीत पाच-सहा मुली ती मिरवत आणत. साऱ्या क्लबाला कळावे की कोणाच्या खिशात किती दम आहे. आपल्या तमाशातला दौलतजादा आठवतो ना? तो निदान नाचणारीच्या पदरात तरी पडे. हा थेट मालकाच्या गल्ल्यात. २०२४ साली घानात किमान वेतन दिवसाला १८.१५ सेडी होते. मी भावफलक वाचला. त्यातली सर्वांत स्वस्त बाटलीही महिनाभराच्या किमान वेतनात बसत नव्हती.

दारावरचा प्रकार तर त्याहून वाईट. आम्ही चौघे होतो. माझ्या पायांतले बूट सांगण्यासारखे नव्हते, पण चेहरा परदेशी. मला कोणी अडविले नाही. मामांच्या कचेरीतला तरुण हिशेबनीस आमच्याबरोबर होता. जन्म आक्राचा, इस्त्री माझ्याहून कडक. त्याला मात्र बाजूला घेऊन, नाव कोणत्या टेबलावर आहे, खर्च कोण करणार, अशी विचारपूस झाली. मामांनी "अहो, तो आमच्याबरोबर आहे" असे दोनदा सांगितले तेव्हा सोडले. स्वतःच्या गावात त्याला परक्यांच्या हमीवर आत जावे लागले! तो हसला आणि म्हणाला, "डिसेंबर आहे, चालायचेच." मला ते चालणारे वाटले नाही. आजही वाटत नाही. क्लबाचे नाव देत नाही. एकट्या त्या क्लबाला दोष देऊन भागण्यासारखे नाही.

आणि आत नाचत होते ते काय? मध्यरात्रीनंतर कोणीतरी जुने 'अझोंटो' लावले. २०११-१२च्या सुमारास हा नाच घानाबाहेर गाजला. त्याची मुळे आक्राच्या किनाऱ्यावरच्या जुन्या, गरीब वस्त्यांत आहेत. गंमत अशी की, त्याच्या हालचाली कामाच्या आहेत. कोणी कपडे धुतल्याचा अभिनय करतो, कोणी इस्त्री फिरवतो, कोणी गाडीचे चक्र वळवतो. लंडनहून आलेले तरुण, हजारो सेडींची बाटली टेबलावर ठेवून, धोब्याचे काम नाचून दाखवीत होते. आणि झकास दाखवीत होते, हेही सांगितले पाहिजे! आमच्या हिशेबनिसाने तर इस्त्रीचा असा काही हात मारला की, बाजूच्या टेबलावरची मंडळी टाळ्या पिटू लागली. दारावर त्याची चौकशी करणारे तेव्हा तिकडे नव्हते.

तेव्हा नक्कल, नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या मित्रांना एवढेच विचारायचे आहे, की नक्कल कोणी कोणाची केली? विद्युत्दीप विलायती असतील, दारू फ्रान्सची असेल. नाच वस्तीचा आहे. वस्तीने तो स्वतःसाठी केला, पुढे क्लबाने उचलला, आणि तोच पाहायला वस्तीकडूनच पैसे मागितले. यात संस्कृतीच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न येतोच कोठे? प्रश्न तिकिटाचा आहे.

आम्ही चारच्या सुमारास बाहेर पडलो. फाटकापलीकडे रस्ता जागाच होता. चिचिंगा, म्हणजे मसाला लावून सळईवर भाजलेले मांस, विकणारे दोघे निखारे फुंकत होते. टॅक्सीवाले गाड्यांना टेकून उभे होते. च्युइंगगम आणि सिगारेटी डोक्यावरच्या पेटीत घेऊन एक पोरगा हिंडत होता. आतले संगीत भिंतीतून स्पष्ट ऐकू येत होते, आणि त्यांतले निम्मे तरी त्याच्या तालावर मान हलवीत होते. मामांनी मांसाच्या चार सळया घेतल्या. पैसे द्यायला हिशेबनीस पुढे झाला आणि काही केल्या ऐकेना.